शाई, पाने आणि उसनवारी

अमेरिकेत शिकणारी माझी भाची गेल्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या सामानात पत्त्यांचा एक डबा होता. रमी-बदामसातचे पत्ते नव्हेत. प्रत्येक पानावर डिस्नेच्या चित्रपटांतले एखादे पात्र, कोपऱ्यात आकडे आणि खाली बारीक टाइपात दोन-तीन ओळींची सूचना. खेळाचे नाव ‘डिस्ने लॉरकाना’. पाने पिसता पिसता ती म्हणाली, “मामा, हे मॅजिकच आहे, फक्त त्याला मिकी माउस चिकटवलाय, असं आमच्याकडचे निम्मे खेळाडू म्हणतात. आणि उरलेले निम्मे म्हणतात, असा खेळ आजवर झालाच नाही.” मी विचारले, “आणि तू काय म्हणतेस?” ती म्हणाली, “मी म्हणते, आधी एक डाव खेळ.”

आम्ही खेळलो. मी हरलो. पण तिचे ते वाक्य डोक्यातून जाईना. एखादा खेळ ‘मूळचा’ आहे की ‘उचललेला’, हे ठरवायचे कसे, आणि त्यावर एवढी भांडणे का व्हावीत? शोध घेत गेलो तेव्हा त्या डब्यामागे कोर्टकचेरी निघाली, तीस वर्षांचा बाजार निघाला, आणि अखेरीस आपली सावंतवाडीही निघाली.

आधी प्रकार समजून घेऊ. संग्राह्य पत्त्यांच्या खेळात ५२ पानांचा ठरलेला जोड नसतो. कंपनी शेकडो वेगवेगळी पाने छापते आणि बंद पाकिटांतून विकते. पाकिटात काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. काही पाने मुबलक, काही दुर्मिळ. खेळाडू जमलेल्या पानांतून स्वतःचा जोड बांधतो आणि दुसऱ्याने बांधलेल्या जोडाशी लढतो. त्यामुळे अर्धा खेळ टेबलावर होतो आणि अर्धा घरी, पाने निवडताना. ही कल्पना ज्याने प्रथम यशस्वी करून दाखवली तो रिचर्ड गारफिल्ड हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गणितात पीएच. डी. करणारा विद्यार्थी होता. तो दुसराच एक, यंत्रमानवांच्या शर्यतीचा खेळ घेऊन ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीकडे गेला होता. तो छापायला महाग पडणार होता. कंपनीच्या पीटर अ‍ॅडकिसनने विचारले, खिशात मावेल आणि पटकन उरकेल असे काही देता येईल का? त्यातून १९९३ साली ‘मॅजिक: द गॅदरिंग’ आला. गारफिल्डनेही आपल्यावरचे ऋण लपवले नाही. ‘कॉस्मिक एन्काउंटर’ या १९७७ च्या खेळात प्रत्येक खेळाडूला नियम मोडण्याची एक खास शक्ती असते. मॅजिकची बरीचशी प्रेरणा तिथली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. थोडक्यात, ज्याला ‘मूळ’ म्हणायचे त्याचेही मूळ आणखी मागे आहे.

लॉरकानाची घोषणा सप्टेंबर २०२२ मध्ये झाली, डिस्नेच्या चाहत्यांच्या कॅलिफोर्नियातल्या मेळ्यात. काढणारी कंपनी जर्मनीची राव्हेन्सबुर्गर. १८८३ साली सुरू झालेली, कोनात निळा त्रिकोण असलेल्या जिगसॉ कोड्यांसाठी ओळखली जाणारी. मेळ्यात काही मोजकी पाने विकायला ठेवली होती. खेळाचे पूर्ण नियम तेव्हा जाहीर झालेले नव्हते, म्हणजे जो खेळ कसा खेळायचा हेच ठाऊक नाही त्याची पाने लोक घेत होते आणि लगेच कैकपट भावाने पुढे विकत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये इंडियानापोलिस शहरातल्या ‘जेन कॉन’ या खेळमेळ्यात पहिली पाकिटे विक्रीला आली तेव्हा लोक आदल्या रात्रीपासून रांगेत होते. तीस वर्षांपूर्वी, १९९३ च्या ऑगस्टमध्ये, याच मेळ्यात (तेव्हा तो मिलवॉकीला भरत असे) मॅजिकही असाच हातोहात खपला होता. याच २०२३ च्या मेळ्यातून सुमारे तीन लाख डॉलर किमतीचे पत्ते मालाच्या गाडीसकट पळवले गेले. ते लॉरकानाचे नव्हते, पण वातावरणाची कल्पना यावी. सराफ्यावर पडावा तसा दरोडा पत्त्यांवर!

आता मूळ आरोपाकडे: ‘हे मॅजिकच आहे.’

वरवर पाहता आरोप खरा वाटतो. जोड ६० पानांचा आणि एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती, हा मॅजिकचा नियम लॉरकानातही आहे. वापरलेले पान आडवे करून ठेवायचे, हेही तसेच. मॅजिकमध्ये नुकताच उतरवलेला प्राणी त्याच फेरीत हल्ला करू शकत नाही. लॉरकानात नव्या पात्राची ‘शाई वाळायची’ असते, म्हणून तेही एक फेरी थांबते. नाव बदलले, काम तेच.

पण जरा आत शिरले की चित्र बदलते. मॅजिकमध्ये प्रत्येक गोष्टीची किंमत ऊर्जेत मोजायची आणि ऊर्जा ‘जमीन’ नावाच्या वेगळ्या पानांतून मिळवायची असते. ६० पानांच्या जोडात साधारण २४ जमिनी घालण्याची पद्धत आहे. सुरुवातीला सात पाने हातात येतात. त्यांत जमीन एकच किंवा एकही नसण्याची शक्यता गणिताने सुमारे १४ टक्के येते, म्हणजे सात डावांत एकदा तुम्ही जवळजवळ खेळण्याआधीच अडचणीत. उलट कधी नुसत्या जमिनीच येत राहतात. मॅजिकच्या खेळाडूंची ही जुनी रड आहे. त्यानंतर आलेल्या बहुतेक प्रत्येक खेळाने या एका दुखण्यावर आपापले औषध शोधले आहे. ‘हार्थस्टोन’ या संगणकावरच्या खेळात ऊर्जा दर फेरीला आपोआप एकाने वाढते. लॉरकानात वेगळे जमीनपान नाहीच. दर फेरीला हातातले एक पान पालथे टाकायचे, ते तुमच्या दौतीतली शाई झाले. पुढे ते पान परत येत नाही. मात्र हे सगळ्याच पानांना करता येत नाही. किमतीच्या आकड्याभोवती विशिष्ट वेलबुट्टी असेल तरच ते पान शाई होऊ शकते, आणि अनेक जोरकस पानांना ती वेलबुट्टी मुद्दाम दिलेली नाही. जोरदार पाने फार भरली तर शाईच मिळत नाही, आणि नुसती शाईची भरली तर लढायला धार राहत नाही.

माझ्या मते या खेळाचा खरा जीव इथे आहे. भाचीशी खेळताना तिसऱ्याच फेरीत मला एक सुंदर पान शाईत बुडवावे लागले तेव्हा जो जीव तुटला, तो मॅजिकच्या जमिनीने कधी तुटला नसता. शिवाय जिंकायचे ते प्रतिस्पर्ध्याचे प्राण शून्यावर आणून नव्हे, आधी २० ‘कथा’गुण जमवून. म्हणजे मारामारीपेक्षा शर्यत. समोरच्याच्या फेरीत मध्येच उठून खोडा घालायची सोयही नाही. मॅजिकमध्ये मुरलेल्या माणसाला हे अळणी वाटते, दहा वर्षांच्या मुलाला सोपे.

मग पालथे टाकलेले पान ही तरी कल्पना नवी आहे का? तीही नाही. हातातले कोणतेही पान ऊर्जा म्हणून ठेवायची सोय जपानमध्ये २००२ साली आलेल्या ‘ड्युएल मास्टर्स’मध्ये होती, आणि तो खेळ खुद्द विझार्ड्सचाच होता. अमेरिकेतल्या ‘अपर डेक’ या कंपनीने २००४ मध्ये मार्व्हल आणि डीसीच्या नायकांना घेऊन ‘व्हीएस सिस्टिम’ काढला. त्यात दर फेरीला हातातले एक पान पालथे ठेवून साधनांची रांग वाढवत नेतात. २००६ मध्ये त्याच कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’वरच्या पत्त्यांतही हीच रीत होती. अपर डेकचे नाव लक्षात ठेवा. पुढची गोष्ट त्यांचीच आहे.

जून २०२३ मध्ये, लॉरकाना दुकानात यायला जेमतेम दोन महिने असताना, अपर डेकने कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायालयात दावा लावला. तक्रार अशी: आम्ही एका रचनाकाराला करारावर घेऊन नवा खेळ बांधवून घेत होतो. तो काम अर्धवट टाकून राव्हेन्सबुर्गरकडे गेला आणि आमच्या पैशावर घडलेली रचना लॉरकाना म्हणून बाहेर आली. राव्हेन्सबुर्गरने आरोप निराधार असल्याचे सांगितले आणि खेळ ठरल्या दिवशी बाजारात आणला. १८ ऑगस्टला छोट्या खास दुकानांत, १ सप्टेंबरला मोठ्या साखळी दुकानांत.

बातमी पसरली तशी चर्चा ‘चोरी’ या एका शब्दाभोवती फिरू लागली. लोकांनी दोन्ही खेळांचे नियम शेजारी ठेवून साम्ये मोजली. पण दाव्याचे कलम पाहिले तर तो नियमांची नक्कल केल्याचा दावा मुळी नव्हताच. तो होता करारभंगाचा, विश्वासभंगाचा. फरक मोठा आहे. एखाद्या हलवायाच्या हाताखालचा कारागीर दुसऱ्या दुकानात गेला आणि तिथेही चिरोट्यांना पदर सुटू लागले, तर पहिला मालक ‘चिरोटे माझे’ असे म्हणू शकत नाही. मात्र ‘माझ्या पैशाने दिवाळीसाठी बनवायला सांगितलेला घाणा याने तिकडे नेला’ असे म्हणू शकतो. पहिल्या वाक्यात कारागिराची विद्या येते, दुसऱ्यात मालकाचा माल. खेळाच्या रचनेत पंचाईत ही की विद्या कुठे संपते आणि माल कुठे सुरू होतो हे दाखवणारी रेघ नसते. वीस वर्षे पत्त्यांचे खेळ रचणाऱ्याच्या डोक्यात ‘पान पालथे टाकून ऊर्जा’ ही कल्पना कोणत्या मालकाच्या पगारात आली, हे कोण सांगणार?

या धंद्यात असे भांडण पहिले नव्हते. पोकेमॉनचे पत्ते इंग्रजीत १९९९ पासून विझार्ड्सच छापत असे. २००३ मध्ये परवाना गेला, आणि त्याच वर्षी विझार्ड्सने पोकेमॉनच्या मालकांवर दावा ठोकला: आमचे पेटंट मोडले, आमची गुपिते वापरली, आमची माणसे फोडली. प्रकरण तडजोडीत मिटले. २०१४ मध्ये ‘हेक्स’ नावाच्या संगणकी पत्त्यांच्या खेळावर विझार्ड्सने खटला भरला तेव्हा साम्यांची यादीच जोडली होती. ६० पाने, चार प्रती, सुरुवातीला सात पाने, २० प्राण. पुढच्या वर्षी तेही आपसात मिटले. अपर डेकचा दावाही निकालापर्यंत पोहोचला नाही. दोन्ही बाजूंनी समझोता केला. म्हणजे तीनही वेळा ज्या प्रश्नाचे उत्तर खेळाडूंना हवे होते ते न्यायाधीशाच्या तोंडून आलेच नाही.

तरीही कायदा याबाबत अगदी मुका नाही. कॉपीराइट कल्पनेवर मिळत नाही, कल्पनेच्या मांडणीवर मिळतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९ मध्ये हिशेब ठेवण्याच्या एका पद्धतीवरच्या खटल्यात हे सांगितले: पुस्तक तुझे, पद्धत सगळ्यांची. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात, ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट शेजारी ठेवून, तेच तत्त्व मान्य केले. खेळांबाबत सर्वांत बोलके प्रकरण ‘बँग!’ या इटालियन पत्त्यांच्या खेळाचे आहे. त्याचे नियम जवळपास जसेच्या तसे घेऊन, काउबॉयच्या जागी चिनी इतिहासातले वीर बसवून चीनमध्ये एक खेळ निघाला आणि प्रचंड गाजला. अमेरिकेत तो विकला जाऊ लागला तेव्हा खटला झाला आणि २०१६ मध्ये टेक्सासच्या न्यायालयाने निकाल दिला की भूमिका, त्यांच्या शक्ती आणि जिंकण्याच्या अटी हे नियम आहेत. नियमांवर मालकी नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या दोन भावांनी स्क्रॅबलसारखा ‘स्क्रॅब्युलस’ इंटरनेटवर आणला, तेव्हा २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नाव वापरायला मनाई केली, कारण ते ट्रेडमार्कशी मिळतेजुळते होते. खेळाच्या पटावर कॉपीराइटचा दावा मात्र मान्य केला नाही. नाव बदलून खेळ चालू राहिला.

उरते पेटंट. विझार्ड्सला १९९७ मध्ये अमेरिकेत संग्राह्य पत्त्यांच्या खेळपद्धतीवर पेटंट मिळाले होते आणि त्यात पान आडवे करण्याच्या क्रियेचाही समावेश होता. पान नव्वद अंशांत फिरवण्यावर मालकी! २०१४ मध्ये त्याची मुदत संपली. तरी इतर खेळांनी पडलेली सवय सोडलेली नाही. पान तेच आडवे करायचे, पण त्याला प्रत्येकाने निराळे क्रियापद दिले आहे.

इथे मला आपला गंजिफा आठवतो, आणि तो उगाच नाही. पत्ते इराणच्या वाटेने आले. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या आपल्या मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त जुना १४४ पानांचा खेळ वर्णन करून अकबराने त्यात काय बदल केले तेही लिहून ठेवले आहे. पुढे रूढ झालेला मोगल गंजिफा आठ रंगांचा, ९६ पानांचा. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि दहा अंकपाने. मग हिंदू दरबारांत आणि चिताऱ्यांच्या घरांत त्याच चौकटीत गुलाम, मुकुट, तलवार यांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह आले आणि दशावतारी गंजिफा झाला: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, एकूण १२०. अर्ध्या रंगांत दहाचे पान मोठे आणि अर्ध्यांत एक्का मोठा, ही जुनी गंमत तशीच राहिली. तसेच दिवसा खेळ असेल तर रामाच्या राजाने उतारी करायची आणि रात्री असेल तर कृष्णाच्या.

सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखेचे काम करणारे चितारी आजही ही गोल पाने रंगवताना दिसतात. शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी ही मरू घातलेली कला पुन्हा उभी केली. ती पाने हातात घेतल्यावर ‘हे मोगलांचे उचलले आहे’ असे कोणाच्या मनात येत नाही. पण लॉरकानावरचा आरोप शब्दशः इथे लागू पडतो: चौकट जुनी, फक्त तिला सर्वांच्या लाडकी पात्रे चिकटवली. खरे तर चिकटवली या शब्दातच घोटाळा आहे. दिवसाच्या उतारीला राम आणि रात्रीच्या उतारीला कृष्ण ही निवड राम सूर्यवंशी आणि कृष्ण चंद्रवंशी असल्याशिवाय सुचणारच नव्हती. पात्रांनी नियमाला वळण दिले. लॉरकानातही काही ठिकाणी असेच झाले आहे. एकाच पात्राची अनेक रूपे पानांवर असतात आणि आधी खेळलेल्या रूपावर पुढचे रूप चढवता येते, तेही कमी शाईत. एल्सा राजकन्येची राणी होते ही गोष्ट पाहणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून नियम पाठ करावा लागत नाही. (वाढत्या रूपांची ही युक्ती पोकेमॉनकडे १९९६ पासून आहे, हेही सांगून टाकतो, नाहीतर भाची मला सोडणार नाही.)

मग गदारोळ एवढा का? मला वाटते त्याचे उत्तर नियमांत नाही, छापखान्यात आहे. लॉरकानाच्या पहिल्या संचात २०४ पाने होती आणि वर १२ विशेष झळाळती. पाकिटात १२ पाने, छापील किंमत ५.९९ डॉलर. पाकिटे कमी पडली, दुकानदारांनी चढे भाव लावले, झळाळती पाने शेकडो डॉलरना जाऊ लागली. कंपनीने पुन्हा छापू असे सांगितले. त्या क्षणापासून ‘खेळ मूळचा आहे का?’ हा प्रश्न रसिकांचा राहिला नाही, गुंतवणूकदारांचा झाला. ज्याने डबे साठवले त्याला खेळ अपूर्व असायलाच हवा. ज्याच्या कपाटात जुने मॅजिक आहे त्याला तो नक्कल असायला हवा.

हा बाजार किती हळवा असतो ते मॅजिकनेच दाखवले आहे. १९९३ च्या पहिल्या छपाईत सुमारे २६ लाख पाने होती आणि ती पाहता पाहता संपली. टंचाईने भाव चढले, दुकानदार मागणीपेक्षा जास्त आगाऊ नोंदवू लागले. नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘फॉलन एम्पायर्स’ हा संच कंपनीने भरपूर छापला, आणि तो इतका पडून राहिला की आजही स्वस्तात मिळतो. १९९५ मध्ये जुनी दुर्मिळ पाने ‘क्रॉनिकल्स’ नावाने पुन्हा छापली तेव्हा संग्राहकांनी आकांत केला. पुढच्याच वर्षी कंपनीने काही पाने कधीच पुन्हा छापणार नाही अशी यादी जाहीर केली. ती यादी अजून पाळली जाते. या लाटेवर स्वार व्हायला ‘टीएसआर’ या प्रतिष्ठित कंपनीने १९९४ मध्ये घाईघाईने ‘स्पेलफायर’ काढला. त्यावरची चित्रे बरीचशी स्वतःच्याच जुन्या पुस्तकांतली होती. तो टिकला नाही, आणि १९९७ मध्ये टीएसआरच विझार्ड्सने विकत घेतली. स्पेलफायर नक्कल होता म्हणून बुडाला असे मला वाटत नाही. नक्कल केलेले कितीतरी खेळ जगले आहेत. त्यात पानांना शाईत बुडवताना जीव तुटावा असे काही नव्हते.

लॉरकानाच्या भांडणात एका माणसाविषयी फार कमी लिहिले गेले: तो रचनाकार. कंपन्यांना समझोता परवडतो. पण अशा एका दाव्यानंतर दुसरा एखादा रचनाकार नोकरी बदलताना कसा विचार करेल? कराराच्या कागदावर ‘या काळात सुचलेले सर्व काही कंपनीचे’ असे लिहिलेले असते, आणि खेळ रचणाऱ्याला बरेच काही अंघोळ करताना सुचते. अपर डेकची बाजूही मला खोटी वाटत नाही. पैसे देऊन माणूस मध्येच गेला तर कोणालाही चीड येईल. पण ती चीड कराराच्या भाषेत राहावी. ती ‘आमची कल्पना’ या भाषेत गेली की २००४ ची व्हीएस सिस्टिम, २००२ चा ड्युएल मास्टर्स आणि गारफिल्डचे कॉस्मिक एन्काउंटर सगळेच साक्षीला उभे राहतात आणि कोणाचीच बाजू धड राहत नाही.

भाची परत गेली तेव्हा दोन जोड माझ्याकडे ठेवून गेली. त्यांत एकही झळाळते पान नाही, बाजारात त्यांना कोणी विचारणार नाही. शेजारचा इयत्ता पाचवीतला मुलगा संध्याकाळी येतो आणि आम्ही खेळतो. त्याने परवा वहीची पाने कापून स्वतःचा खेळ केला. आकडे कोपऱ्यात, वापरलेले पान आडवे, दर फेरीला एक पान पालथे. पात्रे मात्र शिवकालातली. तानाजीचे पान शाईत टाकता येणार नाही, असा त्याने नियम केला आहे. का, असे विचारले तर म्हणाला, “काका, तो परत येतच नाही ना गडावरून. मग त्याला आधीच कसा बुडवायचा?”